ठशावर ठसा : जोगलटेंभीची नाणी आणि आपला खानदेश

माझ्या नानीच्या गळ्यात रुपयांची माळ असायची. आमच्याकडे तिला हमेल म्हणत. प्रत्येक रुपयाला वरून एक बारीक कडी जोडलेली आणि सगळे रुपये काळ्या गोफात ओवलेले. बहुतेक राणीछाप होते. एक मात्र वेगळा होता. जाडसर, धड गोलही नसलेला आणि दोन्ही बाजूंनी फारसी अक्षरे असलेला. नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण अक्षरे त्या वळणाची आहेत म्हणून ती तो रुपया जरा जपूनच हाताळायची.

नानी गेल्यावर बहिणींमध्ये वाटणी करायची होती. अम्मी आणि मामू ती माळ घेऊन जळगावच्या सराफ बाजारात गेले. मी शाळेत होतो, सोबत गेलो. मामूने सराफाला विचारले, "शेठ, या फारसीवाल्याचे जास्त येतील ना? बादशहाचा आहे." सराफाने रुपया उलटासुलटा करून पाहिला, तराजूत टाकला आणि अहिराणीत म्हणाला, "नाव कोनं बी राहो भाऊ, मी चांदी मोजस."

तो रुपया शेवटी विकला गेला नाही. अम्मीच्या वाट्याला आला आणि आज माझ्याकडे आहे. सराफाचे वाक्य मी विसरलो होतो. पुष्कळ वर्षांनी ते आठवले, त्याचे कारण वेगळेच होते.

धुळ्यात एका छोट्या कार्यक्रमात मी खानदेशच्या इतिहासावर बोललो. थाळनेर, बऱ्हाणपूर, तापीकाठची जुनी गावे असा विषय होता. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले. बोलणे त्यांना आवडले होते. अगदी सौजन्याने त्यांनी विचारले, "छान मांडलेत. पण तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हणालो, "इथलाच, धुळ्याचा." ते हसले. "नाही, म्हणजे मूळचे?"

हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी विचारला गेलेला असतो. त्याचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. आज देतो आहे. पण स्वतःच्या घराण्याची वंशावळ सांगून नव्हे, तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काही चांदीच्या नाण्यांची गोष्ट सांगून.

१३ हजार नाण्यांचा ढीग

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. त्यांनी पाहिलेल्या नाण्यांची संख्या १३ हजार २५० च्या आसपास होती. एकेक नाणे आपल्या जुन्या चवलीपेक्षा फारसे मोठे नाही, वजन सुमारे दोन ग्रॅम. तरी सगळा ढीग मिळून २६ किलोंच्या पुढे चांदी होते.

ही सगळी नाणी मुळात एकाच राजाची होती. त्याचे नाव नहपान. तो क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे त्या काळच्या शक सत्ताधाऱ्यांपैकी एक. गुजरात, माळवा, कोकण, नाशिक आणि जुन्नर या टापूत त्याचा अंमल होता. नाण्याच्या एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरे. गंमत अशी की ग्रीक अक्षरांतही भाषा ग्रीक नाही. तिन्ही लिप्यांत मजकूर एकच आहे : राजा क्षहरात नहपानाचे. दोन ग्रॅम चांदीवर तीन लिप्या! डावीकडून उजवीकडे लिहिल्या जाणाऱ्या दोन आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी एक.

पण या साठ्याला महत्त्व आले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. यातल्या ९ हजार २७० च्या आसपास नाण्यांवर आणखी एका राजाने आपला ठसा मारलेला आहे. तो राजा म्हणजे सातवाहन घराण्याचा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने नहपानाचा पराभव केला आणि त्याची नाणी गोळा करून त्यांवर आपली चिन्हे उमटवली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती "राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचे" अशा अर्थाची ब्राह्मी अक्षरे. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले ते चिन्ह, ज्याला अभ्यासक उज्जयिनी चिन्ह म्हणतात.

म्हणजे दर दहा नाण्यांत सात नाणी दोन राजांची आहेत. उरलेल्या जवळपास चार हजार नाण्यांना दुसरा ठसा बसलाच नाही.

हे काम कसे होत असेल, याची कल्पना करता येते. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे जुने नाणे आणि वरून हातोड्याचा घाव. चांदी मऊ असली तरी एका घावात जुना चेहरा पूर्ण सपाट होत नाही. कुठे डोंगराच्या कमानीतून नहपानाचे नाक डोकावते, कुठे कडेला ग्रीक अक्षरांची रांग तशीच राहते. तज्ज्ञ ही नाणी ओळखतात ती त्यामुळेच. जिंकणाऱ्याचे नाव वर आहे, हरणाऱ्याचे खाली, आणि दोन्ही वाचता येतात.

मग गौतमीपुत्राने ती वितळवून नवी का पाडली नाहीत? वितळवायला भट्टी लागते, कोळसा लागतो, वेळ लागतो, थोडी चांदी घटते. शिवाय सातवाहनांचे बहुतेक चलन शिशाचे, तांब्याचे आणि मिश्रधातूचे होते. चांदीचे हे चलन पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांच्या सवयीचे होते. त्यांना ठाऊक असलेले वजन, ठाऊक असलेली चांदी बाजारातून काढून घेतली असती तर बाजारच अडला असता. नव्या राजाला आपली सत्ता जाहीर करायची होती, पण लोकांचे व्यवहार थांबवायचे नव्हते. दोन्ही गोष्टी एका घावात साधत होत्या.

आणि ज्याने कोणी हा साठा पुरला, त्याने ठसा बसलेली आणि न बसलेली, दोन्ही नाणी एकत्रच ठेवली. त्याचेही म्हणणे बहुधा त्या सराफासारखेच असणार.

जावयाचा हिशेब

नाण्यावर फक्त नाव असते. त्या नाण्यांनी लोक काय करत होते, हे नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या भिंती सांगतात. तिथे नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचे लेख कोरलेले आहेत. दिनीकाचा हा मुलगा जातीने शक. नाव मात्र पूर्ण इथले. त्याची बायको दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी. तिनेही लेण्यात खोली दान दिल्याचा लेख आहे.

एका लेखात त्याचा असा हिशेब आहे. त्याने ३ हजार कार्षापण गोवर्धन गावच्या, म्हणजे नाशिकजवळच्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २ हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. १ हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम कधीच परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. २ हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

आता हिशेब करून पाहा. २ हजारांवर महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२ म्हणजे २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही! हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि फळ्यांवर नोंदवले, असेही लेखात आहे.

हे कार्षापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणीच, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जोगलटेंभीच्या ढिगातली नाणी ज्या चलनातली आहेत, त्याच चलनाच्या व्याजातून नाशिकच्या डोंगरावर भिक्खूंना कपडे मिळत होते.

मुसलमान वाचकाला इथे वक्फची आठवण येईल. व्याजाचा भाग बाजूला ठेवा, तो आपल्याला वर्ज्य आहे. पण मूळ मालमत्तेला हात लावायचा नाही, तिचे उत्पन्न मात्र कायम एका धर्मकार्याला लावायचे, ही कल्पना या मातीत इतकी जुनी आहे. तिथल्या भाषेत तिला अक्षयनीवी म्हणत.

उषवदाताने फक्त बौद्धांना दिले असेही नाही. त्याने ब्राह्मणांना गावे दिली, गाई दिल्या, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण घातल्याचे तो सांगतो. भडोच, मंदसौर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या. आणि काही नद्यांवर लोकांसाठी मोफत नावा ठेवल्या. त्या नद्यांच्या यादीत पार आहे, दमण आहे आणि आपली तापी आहे.

नदीवर फुकट नाव ठेवणारा माणूस "मूळचा" कुठला, हे नावेत बसणाऱ्याने विचारले असेल का, असे माझ्या मनात येते.

वाटेवरचा मुलूख

जोगलटेंभी खानदेशात नाही, हे कोणी म्हणेल. खरे आहे. पण या नाण्यांची वाट खानदेशातून जात होती.

त्या काळात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले "पेरिप्लस" नावाचे समुद्री व्यापाराचे पुस्तक आहे. त्यात भडोच बंदराचे सविस्तर वर्णन आहे आणि तिथल्या राजाचे नाव मांबानस किंवा नांबानस असे येते. तो नहपानच, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच पुस्तकात सांगितले आहे की पैठण आणि तेर या गावांहून माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला येतो. पैठणहून भडोचला म्हणजे दक्षिणेकडून वायव्येला जायचे, तर सातमाळ्याचे डोंगर उतरायचे आणि तापी-गिरणेच्या खोऱ्यात यायचे. कन्नडच्या घाटाजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. चाळीसगावहून ती जवळ पडतात. तिथे दान देणाऱ्यांमध्ये पैठणचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. अत्तरवाला डोंगरात उगाच येत नाही. तो वाटेवरचा माणूस आहे.

गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यातले बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे इथे १९५० च्या दशकात उत्खनने झाली. दोन्ही ठिकाणी पांढरीच्या टेकाडात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. वा. वि. मिराशी यांनी जुन्या लेखांतला ऋषिक देश म्हणजे खानदेश, असे मत मांडले आहे. गौतमीपुत्राच्या आईच्या लेखात त्याने जिंकलेल्या देशांची जी यादी आहे, तिच्यात अगदी सुरुवातीलाच हे नाव येते. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगर उमटला, तेव्हा आपल्या मुलखानेही धनी बदलला होता.

'निःशेष' झालेले लोक

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा हा लेख पांडवलेण्यांतच आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तो कोरला गेला. मुलगा तेव्हा हयात नव्हता. आईने मुलाचे वर्णन करताना काही कमी ठेवलेले नाही. शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा आणि चार वर्णांची सरमिसळ थांबवणारा, असे ती म्हणते.

हा लेख वाचला की वाटते, संपले सगळे. शक गेले, कायमचे गेले. पण त्याच भिंतीवरचे बाकीचे लेख वाचले की चित्र बदलते.

विजयानंतर गौतमीपुत्राने भिक्खूंना २०० निवर्तने जमीन दिली. कोणती जमीन? आजवर ऋषभदत्ताच्या ताब्यात असलेले शेत, असा लेखातच उल्लेख आहे. शेत तेच, गाव तेच, दान घेणारेही भिक्खूच. फक्त देणाऱ्याचे नाव नवे. चांदीवर केले तेच त्याने जमिनीवर केले. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. त्यात म्हटले आहे की आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी दुसरी १०० निवर्तने द्यावीत. लढाईनंतर ओसाड पडलेल्या एका खेड्याची नोंद सरकारी कागदात अशी सहज होऊन गेली. विजयाच्या लेखात ती नाही.

पुढे पाहा. वर्णांची सरमिसळ थांबवली, असा ज्याचा गौरव झाला, त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती, असे कान्हेरीचा एक लेख सांगतो. म्हणजे शकांची लेक सातवाहनांच्या घरात सून म्हणून आली. जुनागढच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो की त्याने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याला संपवले नाही. लढाया आणि सोयरिकी, दोन्ही चालू होत्या.

आणि शेवटचा लेख, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. सातवाहनांच्या नंतर या भागात आभीर आले. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याच्या ९ व्या वर्षी पांडवलेण्यांत एक लेख कोरला गेला. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यात तेल गाळणाऱ्यांची श्रेणी आहे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची आहे. आणि ही विष्णुदत्ता स्वतःची ओळख कशी देते? शकनिका, शक अग्निवर्म्याची मुलगी.

"निःशेष" केल्यानंतर कित्येक पिढ्यांनी एक शक बाई नाशिकमध्ये राहते आहे, विष्णूच्या नावाचे नाव लावते आहे, बौद्ध भिक्खूंच्या औषधासाठी पैसे ठेवते आहे आणि आपण शक आहोत हे दगडावर लिहून ठेवायला तिला काही अडचण वाटत नाही.

तेव्हाही कुणी तिला विचारले असेलच, बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या? तिचे उत्तर भिंतीवर आहे. ती इथली आहे, शकही आहे.

शक या शब्दाचे पुढे काय झाले तेही गमतीचे आहे. आपण पंचांगात शालिवाहन शक म्हणतो. इसवी सन ७८ पासूनची ही कालगणना पश्चिमेकडच्या क्षत्रपांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नाण्यांवर आणि लेखांत वापरली. शालिवाहनाचे, म्हणजे सातवाहनाचे, नाव तिला कित्येक शतकांनंतर चिकटले. दर गुढीपाडव्याला आपण जिंकणाऱ्याचे आणि हरणाऱ्याचे नाव एका दमात उच्चारतो. १९५७ पासून भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांगही शक गणनेनेच चालते.

आपल्या बाजूचे ठसे

इथवर वाचून काही मुस्लिम वाचकांना वाटेल, हे सगळे ठीक, पण आपला याच्याशी काय संबंध? आपला इतिहास तर नंतर सुरू होतो. मला नेमके या वाक्याशीच भांडायचे आहे.

आपल्याकडे खानदेशचा इतिहास सांगणारे पुष्कळ जण मलिक राजापासून सुरुवात करतात. थाळनेरला फारुकींची राजधानी झाली, तिथे त्यांच्या कबरी आहेत, पुढे बऱ्हाणपूर वसले, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला. हे सगळे अभिमानाने सांगावे असेच आहे. पण त्याआधीचे ते "त्यांचे" असे म्हणून आपण सोडून देतो. मग समोरच्याने आपला काळ "त्यांचा" म्हणून सोडला तर तक्रार कशी करायची?

आपल्याच परंपरेत जुन्या ठशाला इतके परके मानलेले नाही. इराण जिंकल्यावर मुस्लिम सुभेदारांनी सासानी बादशहांचे दिरहम तसेच पाडणे चालू ठेवले. खुसरोचा मुकुटधारी चेहरा तसाच, मागे अग्निवेदीही तशीच. फक्त कडेला अरबीत "बिस्मिल्लाह" आले. खलिफा अब्दुल मलिक यांनी फक्त अक्षरांची नवी नाणी काढली ती हिजरी सनाच्या सत्तरीच्या दशकात. तोवर मदिना आणि दमास्कसच्या सत्तेखालचे लोक अग्निपूजक बादशहाच्या चेहऱ्याची चांदी खिशात घेऊन फिरत होते.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अली खान फारुकीने १५९० च्या सुमारास कोरवलेला लेख आहे. तो अरबीत आहे आणि संस्कृतातही आहे. संस्कृत लेखात फारुकींची वंशावळ आहे आणि तारीख विक्रम संवतात आणि शकात दिलेली आहे. मशिदीच्या भिंतीवर शक! ज्याला वंशावळ लिहिताना नहपानाच्या लोकांची कालगणना चालली, तो फारुकी सुलतान आपल्यापेक्षा मोकळ्या मनाचा होता.

नावांचेही तसेच. असीरगड पडल्यावर अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचे "दानदेश" केले. सरकारी कागदांत ते आलेही. पण लोकांच्या तोंडी बसले नाही. ठसा बादशहाचा होता, तरी तो पुसट उमटला आणि खालचे नाव वर आले. पुढे इंग्रजांनी १९०६ साली, म्हणजे जोगलटेंभीची नाणी सापडली त्याच वर्षी, खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. सरकारी कागदावर खानदेश नावाचा जिल्हा आज नाही. पण कोणालाही विचारा, भरीत कुठले? खानदेशी. बोली कुठली? खानदेशी.

आज गावांची, शहरांची नावे बदलण्याचे दिवस आहेत. काहींना त्याचा आनंद होतो, काहींना त्याचा त्रास होतो. मला त्रास होतो, हे मी लपवत नाही. आपल्या आजोबांच्या पत्त्यातले नाव एका अधिसूचनेने जाते, तेव्हा आपणच कुठूनतरी खोडले गेलो असे वाटते. पण जोगलटेंभीची नाणी पाहिल्यापासून माझी भीती थोडी कमी झाली आहे. घाव घालणाऱ्याला वाटते, खालचे संपले. नहपानाचे नाव तर खुद्द विजेत्याच्या नाण्यांवरूनही आजवर पोचले. आपण काय करायचे, ते वाचत राहायचे. आपले वाचायचे, त्याखालचेही वाचायचे. खालचे वाचता न येणारा माणूस वरचेही नीट वाचू शकत नाही.

नानीचा रुपया

आता त्या फारसी रुपयाबद्दल. नाणी जमवणाऱ्या एका मित्राला तो दाखवला. ठशापेक्षा रुपयाचा आकार लहान, म्हणून सगळी अक्षरे त्यावर आलेली नव्हती. पण जेवढी होती त्यावरून त्याने तो लगेच ओळखला. बादशहाचे नाव शाह आलम. टांकसाळीचे नाव : जाफराबाद उर्फ चांदोर.

चांदोर म्हणजे आपले चांदवड. धुळ्याहून नाशिकला जाताना मालेगाव मागे टाकले की डोंगराच्या पायथ्याशी लागते ते. हा रुपया पाडला मराठ्यांच्या अंमलात, मराठ्यांच्या टांकसाळीत. खानदेश-नाशिकच्या बाजारात चांदोरी रुपया म्हणून तो चालायचा. सत्ता मराठ्यांची, नाव दिल्लीच्या बादशहाचे, अक्षरे फारसी आणि गावाची नावे दोन, मधे "उर्फ". ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पर्यंत शाह आलमच्या नावाचेच रुपये पाडले. मग राजा विल्यमचा चेहरा आला आणि नंतर नानीच्या माळेतली राणी.

मामूला वाटले होते, हा बादशहाचा रुपया आहे, म्हणजे "आपला" आहे. तो बादशहाचा होताच. पण पाडला होता मराठ्यांनी, आणि वापरला होता माझ्या नानीच्या आजे-सासूपासून कोणकोणत्या बायकांनी, शेतकऱ्यांनी, सावकारांनी. कडेला सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या दोन बारीक खुणा आहेत. आणि वर कडी जोडलेली आहे. ती कुण्या सोनाराने डाख देऊन बसवली, तेव्हा बादशहाच्या नावाचे एक अक्षर त्याखाली गेले.

त्या गृहस्थांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. झाली तर मी त्यांना हा रुपया दाखवीन. त्यांना फारसी वाचता आली नाही तर मी वाचून दाखवीन : जाफराबाद उर्फ चांदोर. आणि सांगीन की साहेब, मी मूळचा त्या "उर्फ"चा.